‘पुरेल का?’ या प्रश्नाचे गणित

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार झाल्यावर आणि भोजनाची पाने मांडली जाण्यापूर्वी जो अर्धा तास उरतो तो कोणाच्या तरी भाषणाने भरून काढावयाचा, ही आपल्या मेळाव्याची जुनी रीत आहे. यंदा तो मान चिटणीसांनी मला दिला. विषय कोणता घेऊ, असे विचारता ते म्हणाले, “गुरुजी, आपण जन्मभर गणित शिकविलेत, गणितावरच बोला, पण बायामाणसांना कंटाळा येईल असे बोलू नका.” यातील दुसरी अट अन्यायाची आहे. घरातील गणित बायामाणसेच करीत असतात आणि महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला ते किती अवघड होते हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. तरीही अट मान्य करून मी उभा आहे.

मी बोलणार आहे तो विषय शाळेच्या पुस्तकात ‘असमानता’ या नावाने येतो. कोणी त्यास ‘असमीकरण’ही म्हणतात. हा शब्द आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात निराळीच गोष्ट उभी राहते, हे मी जाणतो. त्या दुसऱ्या गोष्टीला आपण विषमता म्हणू. तिच्यावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. माझी असमानता साधी आहे. एक राशी दुसरीपेक्षा लहान आहे, मोठी आहे, किंवा फार तर तिच्याएवढी आहे, एवढेच ती सांगते.

शाळेत आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून बरोबरीचे चिन्ह शिकवितो. हे चिन्ह तसे फार प्राचीन नाही. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने ते १५५७ साली प्रथम छापले. लहान-मोठेपणाची चोचीसारखी चिन्हे त्यानंतर आली. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती दिसतात. शाळेतही क्रम तोच. बरोबरी आधी येते आणि असमानता पुष्कळ मागाहून, तीही परीक्षेच्या सुमारास घाईघाईने. त्यामुळे मुलाच्या मनात ठसते ते असे की, गणिताचे उत्तर म्हणजे एक आकडा; तो आला की खाली दोन रेघा ओढाव्यात. परंतु व्यवहारात आपण स्वतःला जो प्रश्न विचारतो तो क्वचितच ‘किती?’ असा असतो. बहुधा तो ‘पुरेल का?’ असा असतो. अंदाजपत्रक हे समीकरण नव्हे, ती असमानता आहे. खर्च जमेएवढाच झाला पाहिजे असे कोणी म्हणत नाही. तो जमेहून अधिक होता कामा नये, एवढेच आपले म्हणणे असते.

देशाच्या कारभारातही हेच सूत्र आहे. राज्यघटनेच्या ११४ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेने विनियोजनाचा कायदा केल्याखेरीज भारताच्या संचित निधीतून पैसा काढता येत नाही. मंजूर झालेली रक्कम अपुरी ठरल्यास ११५ व्या अनुच्छेदाप्रमाणे पूरक मागणी घेऊन पुन्हा संसदेपुढे यावे लागते. म्हणजे मंजुरी ही वरची मर्यादा होय. ती गाठलीच पाहिजे असे घटना म्हणत नाही. मार्च महिन्यात कचेऱ्यांतून जी धावपळ दिसते ती पाहून मात्र काही मंडळींनी या असमानतेचे समीकरण करून टाकले आहे की काय, अशी शंका येते.

आता आपल्याच संस्थेचे उदाहरण घेतो. आकडे मी हिशेबास सोपे पडतील असे केले आहेत. खजिनदारांनी दचकू नये. समजा, देणग्या आणि ठेवींचे व्याज मिळून वर्षाची जमा १,८८,५०० रुपये झाली. मेळाव्याचा खर्च, म्हणजे मांडव, भोजन आणि स्मरणिकेची छपाई, ३८,००० रुपये. राखीव निधीत निदान २५,००० रुपये शिल्लक राहिले पाहिजेत असा आपला नियम. प्रत्येक शिष्यवृत्ती ४,५०० रुपयांची. तर शिष्यवृत्त्या किती देता येतील?

शिष्यवृत्त्यांच्या संख्येला ‘न’ म्हणू. मेळाव्याचे ३८,०००, शिष्यवृत्त्यांचे ४,५०० गुणिले न आणि राखीव २५,००० यांची बेरीज १,८८,५०० किंवा त्याहून कमी असली पाहिजे. पहिले व तिसरे पद पलीकडे नेले की ४,५०० न ≤ १,२५,५०० असे उरते आणि भागाकार केला की न ≤ २७.८८ येतो. मेळाव्याला येण्यापूर्वी मी हे उदाहरण दहावीतल्या एका हुशार मुलाला घातले. त्याने सर्व पायऱ्या बिनचूक केल्या आणि उत्तर लिहिले, २८. का, असे विचारता तो म्हणाला, “सर, अर्ध्याच्या वर असले की पुढचा आकडा घ्यायचा, असे आम्हाला शिकवले आहे.” त्याला शिकविले होते ते खोटे नव्हते, ते दुसऱ्या ठिकाणचे होते. अठ्ठाविसांना १,२६,००० रुपये लागतात, आपल्याजवळ १,२५,५०० आहेत. पाचशे रुपये कमी पडतात आणि अठ्ठाविसाव्या मुलाच्या पाकिटात आपण ४,००० रुपये घालू शकत नाही. अपूर्णांक .८८ असो की .९९ असो, येथे खालीच उतरावे लागते.

उलट, याच मेळाव्याला तालुक्याच्या गावाहून १५० माणसे यावयाची आहेत आणि एका बसमध्ये ४५ बसतात, असे समजा. १५० भागिले ४५ म्हणजे ३.३३. मघाच्या नियमाने तो मुलगा तीन बसगाड्या सांगेल आणि पंधरा माणसे फाट्यावर उभी राहतील. येथे वर चढावे लागते, कारण बसगाड्यांतील जागा माणसांच्या संख्येएवढ्या किंवा तिच्याहून अधिक हव्यात. कोठे उतरावे आणि कोठे चढावे हे अपूर्णांक पाहून कळत नाही. चिन्हाचे तोंड कोणीकडे आहे ते पाहून कळते. ‘जास्तीत जास्त’, ‘फार तर’, ‘पेक्षा अधिक नको’ हे शब्द एका बाजूचे. ‘कमीत कमी’, ‘निदान’, ‘तरी हवे’ हे दुसऱ्या बाजूचे. विद्यार्थ्यांनी शाब्दिक उदाहरण वाचताना आकड्यांच्या आधी या शब्दांखाली रेघ ओढावी. मी शिकवीत असताना या एका सवयीने जितके गुण वाढलेले पाहिले तितके सूत्रांच्या पाठांतराने वाढलेले पाहिले नाहीत.

आणखी एक अडचण मुलांना हमखास येते. शहरात शिकणारा विद्यार्थी २,००० रुपये घेऊन खानावळीत जेवतो. दिवसाचे ६५ रुपये होतात आणि घरी परतण्याच्या भाड्यासाठी निदान ५०० रुपये हाती राहिले पाहिजेत. किती दिवस निघतील? २,००० वजा ६५ द हे ५०० किंवा त्याहून अधिक हवे. २,००० पलीकडे नेले की उणे ६५ द ≥ उणे १,५०० असे होते. आता दोन्ही बाजूंस उणे ६५ ने भागावयाचे, तर चिन्हाचे तोंड फिरवावे लागते. द ≤ २३.०७, म्हणजे तेवीस दिवस. तोंड का फिरते, हे मुले विचारीत नाहीत आणि आम्ही शिक्षकही पुष्कळदा सांगत नाही. कारण घरगुती आहे. तीन रुपये जवळ असलेला माणूस दोन रुपयेवाल्यापेक्षा सुखी. पण तीन रुपयांचे कर्ज असलेला दोन रुपयांच्या कर्जदारापेक्षा दुःखी. जमेचे कर्ज झाले की मोठ्याचा लहान होतो. एवढे एकदा समजले की चिन्ह फिरविण्याचा नियम पाठ करावा लागत नाही.

हे सारे पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे यातले काय होते, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. चिन्हे आपल्याकडे नव्हती. विचार मात्र होता. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला, तसा शिलालेख तेथे आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक गमतीचे उदाहरण आहे, आणि ते अंदाजपत्रकाचेच आहे. कपोत म्हणजे पारवे तीन द्रम्मांना पाच, सारस पाच द्रम्मांना सात, हंस सात द्रम्मांना नऊ आणि मोर नऊ द्रम्मांना तीन मिळतात. राजपुत्राच्या मनोरंजनासाठी शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणावयाचे आहेत. येथे एकच उत्तर नाही. ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस व १२ मोर आणले तरी जमते. त्यांचे ३, ४०, २१ आणि ३६ मिळून १०० द्रम्म होतात. १५ पारवे, २८ सारस, ४५ हंस व १२ मोर आणले तरीही जमते. यापुढची मौज पाहा. १०० पारवे, शून्य सारस, उणे १८ हंस आणि १८ मोर हेही दोन्ही समीकरणांत चोख बसते. पक्षी बरोबर शंभर आणि द्रम्मही ६० वजा १४ अधिक ५४, म्हणजे बरोबर शंभर. परंतु उणे १८ हंस घेऊन राजपुत्राने काय करावे? पक्ष्यांची संख्या शून्याहून कमी असता कामा नये, ही असमानता उदाहरणात शब्दाने लिहिलेली नाही. ती गृहीत आहे. त्याच ग्रंथात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. त्याची ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. त्यातील दुसरे आचार्य सोडून देतात, कारण त्यात वानरांची एक संख्या उणे येते आणि अशा उणे संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. लोकव्यवहाराची मर्यादा गणितात आणून ठेवण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

मर्यादा मनात असूनही कागदावर लिहिली नाही, तर काय होते याची एक अर्वाचीन गोष्टही सांगण्याजोगी आहे. जॉर्ज स्टिगलर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली असा प्रश्न घेतला की, एका माणसाला आवश्यक ती नऊ पोषकद्रव्ये निदान ठराविक प्रमाणात मिळालीच पाहिजेत. तर ७७ खाद्यपदार्थांतून निवड करून वर्षाचा खर्च कमीत कमी किती आणता येईल? नऊ ‘निदान’, म्हणजे नऊ असमानता. १९३९ च्या भावाने त्याचे उत्तर ३९ डॉलर ९३ सेंट आले. त्या आहारात गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या घेवड्याचे दाणे एवढेच होते. पुढे १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी अशा प्रश्नांसाठी पद्धतशीर रीत बसविली. तिची परीक्षा म्हणून नऊ कारकुनांनी हातयंत्रांवर हाच प्रश्न सोडविला. तो एका माणसाचे १२० दिवस भरतील एवढा श्रमाचा झाला. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट, चोवीस सेंट कमी. अंदाजाने काढलेले उत्तर इतके जवळचे होते, हे स्टिगलर यांचे कसब.

पुढे डँट्झिग यांनी स्वतःचे वजन उतरविण्यासाठी संगणकाकडून आहार मागविला, तेव्हा प्रथम ५०० गॅलन शिरका प्या, असे उत्तर आले. शिरका वगळला, तर दिवसाला मांसाच्या अर्काच्या २०० वड्या खा, असे आले. यंत्राचा दोष नव्हता. एका दिवसात फार तर तीन-चार वड्या, ही गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात होती, कागदावर नव्हती. आपल्या घरची गृहिणी असले उत्तर कधी काढणार नाही, कारण चव, सवय, सणवार, म्हाताऱ्यांचे दात आणि पाहुण्यांची वेळ या तिच्या सर्व असमानता तोंडपाठ असतात. यंत्राला आणि, स्पष्ट बोलायचे तर, संस्थांच्या कार्यकारिणीला त्या लिहून द्याव्या लागतात.

येथून मी ज्या गोष्टीसाठी हे भाषण स्वीकारले तिच्याकडे वळतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शिष्यवृत्ती समितीवर होतो. चाळीसगाव तालुक्यातील आपल्याच एका कोरडवाहू कुटुंबातील मुलाचा अर्ज आला होता. मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, गुण चांगले, वागणूक उत्तम. अर्ज आमच्याकडे वडिलांनी ठरल्याप्रमाणे जूनमध्येच दिला, आम्ही ठरल्याप्रमाणे डिसेंबरात तो मंजूर केला आणि ठरल्याप्रमाणे जानेवारीच्या मेळाव्यात, याच ठिकाणाहून, त्याचे नाव पुकारले. कोणी उठले नाही. नाव दुसऱ्यांदा पुकारले तेव्हा मागच्या रांगेतून त्याचे वडील आले. टाळ्या झाल्या. पाकीट हाती घेऊन ते खाली उतरले नाहीत; माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “गुरुजी, पोरगं पोळ्याआधीच भिवंडीला कामाला गेलं. आता हे पैसे परत द्यायचे का ठेवायचे?”

मी ठेवा म्हणालो. दुसरे काय म्हणणार? परंतु घरी आल्यावर त्यांचा अर्ज पुन्हा काढून पाहिला. त्यात वर्षाची जमा आणि वर्षाचा खर्च, दोन्ही लिहिले होते आणि आम्ही ते तपासले होते. त्याच धर्तीचे सोपे केलेले आकडे सांगतो. डेअरीला घातलेल्या दुधाचे महिना ५,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे ६६,०००, कापसाचे ४०,०००. एकूण जमा १,०६,०००. घरखर्च महिना ६,५०० प्रमाणे ७८,०००, पेरणीचे १२,०००, मुलाची फी ११,०००. एकूण खर्च १,०१,०००. जमा खर्चाहून पाच हजारांनी अधिक. असमानता पुरी झाली. कुटुंबाला शिक्षण परवडते, आमचे ४,५०० रुपये हा वरचा आधार. समितीने असा शेरा मारला होता. शेऱ्याखाली सही माझी होती.

आता तेच गणित महिन्यामहिन्याने करून पाहा. एक जूनला घरात २४,००० रुपये आहेत असे धरू. दूध व घरखर्च यांत दरमहा १,००० रुपयांची तूट येते. जूनमध्ये पेरणी झाली. महिनाअखेर ११,००० उरले. जुलैत १,००० ची तूट आणि ११,००० फी, म्हणजे उणे १,०००. ऑगस्टअखेर उणे २,०००, सप्टेंबरअखेर उणे ३,०००, ऑक्टोबरअखेर उणे ४,०००. कापूस विकला जातो नोव्हेंबरात. तेव्हा एकदम ३५,००० शिल्लक दिसू लागते. वर्षाची बेरीज खोटी नाही. पण वर्षाची असमानता ही एकच असमानता नसून त्या बारा असमानता आहेत. त्या महिन्याच्या अखेरपर्यंतचा सगळा खर्च, त्या महिन्याच्या अखेरपर्यंत हाती आलेल्या सगळ्या पैशाहून अधिक होता कामा नये, आणि हे बाराही वेळा खरे ठरले पाहिजे. बारांपैकी चार मोडल्या होत्या. सावकाराकडून काढावे, उधार मागावे की फी भरू नये, हे बापाने ठरवायचे. त्या घरात मुलानेच ते ठरविले. भास्कराचार्यांचे उणे हंस कागदावर तरी राहिले, आमच्या हिशेबातले उणे चार हजार भिवंडीला गेले.

आता आमचे ४,५०० रुपये जुलैत दिले असते तर? जुलैअखेर ३,५००, ऑगस्टअखेर २,५००, सप्टेंबरअखेर १,५०० आणि ऑक्टोबरअखेर ५००. पाचशे रुपये शिल्लक ठेवून बाराही असमानता पुऱ्या होतात. रक्कम तीच, मुलगा तोच, देणगीदारही तेच. ‘किती द्यावे’ याचा आम्ही पुष्कळ विचार केला होता. ‘केव्हा’ ही मर्यादा कागदावर लिहिलीच नव्हती.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, सत्काराशिवाय शिष्यवृत्ती दिली तर मुलांना उत्तेजन मिळत नाही. सत्कार जानेवारीत करावा, पैसे जूनअखेर बँकेत पाठवावेत. टाळ्यांना पाकिटाची गरज नसते. दुसरा आक्षेप खजिनदारांचा आहे आणि तो खरा आहे. आपल्या संस्थेकडेही पैसा जानेवारीतच येतो, कारण देणग्या मेळाव्यात जमतात. तेव्हा एका वर्षाच्या संक्रमणाचे गणित मांडावे लागेल. आजची पाकिटे तयार आहेत, ती वाटली जातीलच. पुढील वर्षाच्या मेळाव्यात जमा मघाइतकीच, म्हणजे १,८८,५०० धरू आणि शिष्यवृत्तीचे विद्यार्थी २७ धरू. त्यांपैकी ६ अखेरच्या वर्षाला आहेत असे समजा. हे सहा जण जूनमध्ये आपल्या यादीत नसणार, म्हणून त्यांना जानेवारीतच २७,००० रुपये द्यावे लागतील. मेळाव्याचे ३८,००० वजा जाता १,२३,५०० उरतात. जूनमध्ये पुन्हा २७ जणांना द्यावयाचे तर १,२१,५०० हवेत. म्हणजे रक्कम पुरते, पण राखीव निधीत २५,००० च्या जागी २,००० च राहतात. राखीव निधीचा नियम पाळावयाचा तर शिष्यवृत्त्यांसाठी ९८,५०० उरतात आणि ४,५०० ने भागता २१.८८ येतात. उतरा खाली: एकवीस. म्हणजे चालू असलेल्या एकवीस मुलांना मिळेल आणि नव्याने महाविद्यालयात जाणाऱ्या सहांना वर्षभर थांबावे लागेल.

गणित येथवर येते आणि थांबते. कुंपण कोठे आहे ते त्याने दाखविले. कुंपणाच्या आत कोठे उभे राहावयाचे ते आपण ठरवावयाचे. राखीव निधी सहा-सात महिन्यांपुरता २,००० वर येऊ देणे हे धाडस आहे, हे मी मान्य करतो. परंतु राखीव निधी नक्की कशासाठी राखला आहे, याचा विचार कार्यकारिणीने केला पाहिजे असे मला वाटते. दुसरा मार्ग मेळाव्याच्या खर्चाचा. नियमही पाळावयाचा आणि सत्ताविसांनाही द्यावयाचे, तर निदान २३,००० रुपये वाचले पाहिजेत. म्हणजे मेळाव्याचा खर्च ३८,००० ऐवजी फार तर १५,०००. भोजन साधे करता येईल, स्मरणिका पातळ करता येईल. भोजनाच्या तोंडावर मी हे बोलतो आहे याची मला जाणीव आहे, आणि हे भाषण त्याच स्मरणिकेत छापले जाणार आहे याचीही. या दोन मार्गांच्या मधलेही पुष्कळ मार्ग आहेत. मेळाव्यातून १०,००० वाचविले तर राखीव निधीत १२,००० राहतात. कोणी बांधव आपली देणगी जानेवारीऐवजी जूनमध्ये देऊ शकत असेल तर त्याचाही उपयोग होईल. मात्र तसे वचन असेल तर ते रकमेसह आणि तारखेसह लेखी घ्यावे.

अर्जाच्या छापील नमुन्यातही एक बदल हवा. ‘वार्षिक उत्पन्न’ असा एकच रकाना आहे त्याजागी बारा महिन्यांची बारा घरे असावीत. ज्यांचे उत्पन्न पगाराचे आहे त्यांना ती भरण्यास दोन मिनिटे लागतील. ज्यांचे शेतीचे आहे त्यांना अर्धा तास लागेल, आणि तो अर्धा तास समितीने त्यांच्याजवळ बसून द्यावा. विद्यार्थिमित्रांनीही हा उद्योग आपल्या घरी एकदा करून पाहावा. वडिलांना राग येणार नाही अशा वेळी वही घेऊन बसावे आणि कोणता महिना उणे जातो तो शोधावा. परीक्षेतील शाब्दिक उदाहरणे नंतर सोपी वाटतील.

कार्यकारिणीची बैठक पुढील महिन्यात आहे. मी मांडलेले हे हिशेब एका कागदावर लिहून आणले आहेत आणि खाली राखीव निधी व मेळावा-खर्च यांच्या पाच निरनिराळ्या जोड्या दिल्या आहेत. प्रत्येक जोडीपुढे जूनमध्ये किती मुलांना पैसे मिळतील तो आकडा आहे. तो कागद मी आता चिटणीसांच्या हाती देतो.